गच्चीवरचे दोन घरजावई

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत भर मे महिन्याच्या दुपारी ज्या कुणाला म्हणून थंडी वाजली असेल, त्याने ती माझ्या बायकोच्या मामांमुळे वाजली असं खुशाल समजावं. जळगावात सोन्याच्या पेढीवर अंगठी बघता बघता शहारलेली नवरी असो, मंगल कार्यालयात शाल मागवणारा वरबाप असो, नाहीतर नरडाण्याच्या एखाद्या कारखान्यात स्वेटर घालून बसलेला मॅनेजर असो, यांच्या डोक्यावर गच्चीत कुठेतरी मामांनी पसंत केलेला प्लांट घुमत असतो. प्लांट म्हणजे खिडकीतला एसी नव्हे. अख्खी इमारत गार करणारं ते धूड कारखान्यातूनच पूर्ण तयार होऊन ट्रेलरवर बसून येतं, आणि क्रेनने एकदा गच्चीवर ठेवलं की पुढची वीस वर्षं तिथून हलत नाही. त्यामुळे ते निवडण्याआधी भले भले लोक मामांच्या दारी येतात. मामा इंजिनिअर नाहीत. चोपड्याकडे केळी पिकवायच्या थंड खोल्या असतात, तिथल्या यंत्रांपाशी त्यांची उमर गेली. पण त्यांना डिग्री विचारायची हिंमत मी तरी कुणाची पाहिलेली नाही. एका तरुण सल्लागाराने विचारली होती, तर मामांनी त्याला एक केळं सोलून दिलं आणि खाऊन होईपर्यंत त्याच्याकडे नुसते बघत राहिले. त्याने पुन्हा विचारलं नाही.

मामांच्या मते प्लांट म्हणजे घरजावई. तो एकदा आला की जात नाही, गच्चीवर बसून खातो आणि रुसला तर भर उन्हाळ्यातच रुसतो. म्हणून कंपनीचा माणूस रंगीत पुस्तक उघडायला लागला की मामा ते हळूच मिटतात आणि स्थळाची चौकशी करावी तशी चौकशी सुरू करतात. हा पाणी किती पितो? याचा आवाज शेजाऱ्यांना चालेल का? रविवारी दुपारी बिघडला तर याला समजावणारा मिस्त्री कुठल्या गावाहून येणार, आणि त्याचं लग्न ठरलंय का? लग्नाचा प्रश्न ऐकून लोक हसतात, पण एका मिस्त्रीच्या हळदीपायी अख्खं नाट्यगृह दोन दिवस उकडलेलं मामांनी पाहिलं आहे. त्यांचा सगळ्यांत लाडका प्रश्न मात्र शेवटी येतो. भरल्या ताटावर सगळेच राबतात, ज्या दिवशी अर्धंच काम असेल त्या दिवशी हा किती खातो, ते सांगा. या प्रश्नावर पुण्याहून आलेली भलीभली माणसं घाम पुसताना मी पाहिली आहेत, तीही मामांनीच गार केलेल्या खोलीत बसून.

स्वतः मामांना गार हवा जराही सोसत नाही. आपणच निवडलेल्या इमारतीत शिरताना ते दाराशी कानटोपी घालतात आणि आत गेल्या गेल्या सात वेळा शिंकतात. सातव्या शिंकेनंतर यजमानाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते बघण्यासारखं असतं, कारण मामा पाचवर थांबले तर प्लांटमध्ये काहीतरी खोट आहे अशी गावात समजूत आहे. त्यांच्या स्वतःच्या घरी वाळ्याचा कूलर आहे, तोही मामींसाठी. या मामींनी आयुष्यात मामांची एकही इमारत आतून पाहिलेली नव्हती. नेतो, नेतो म्हणत मामा दरवेळी एकटेच जात आणि सणावारी ताटावरून उठून कुणाच्या तरी कॉम्प्रेसरकडे पळत. मामी ताट झाकून ठेवत आणि बोलून मोकळ्या होत.

धुळ्यात आमच्या ट्रस्टने हॉस्पिटल बांधायला काढलं, तेव्हा गार हवेची जबाबदारी माझ्यावर आली. मी शाळेत भूगोल शिकवतो, आणि भूगोलात हवामान येतं, एवढीच माझी पात्रता. मी मामांना फोन केला. ते नेहमीसारखे हो म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांच्याआधी मामीच बोलल्या. झालं होतं असं की मामींचे दोन्ही गुडघे पार झिजले होते, डॉक्टर दोन वर्षं शस्त्रक्रिया करा म्हणत होते आणि मामी दरवेळी काहीतरी निमित्त काढून ती पुढे ढकलत होत्या. आमच्या हॉस्पिटलचं ऐकताच त्यांनी मामांच्या हातून फोन घेतला आणि मला सांगितलं की तिथल्या टेबलावर पहिला नंबर त्यांचा. मामांनी मागून काहीतरी विरोध केला असावा, कारण पुढचं अहिराणी वाक्य त्यांच्यासाठी होतं. "तुमना मशीनवर तुमलेच भरोसा नही, ते जनमभर लोकेसले काय सांगं?"

त्या दिवसापासून मामांची झोप उडाली. आजवर त्यांच्या प्लांटखाली लोकांच्या अंगठ्या, लोकांची लग्नं आणि लोकांची केळी होती. आता मामी असणार होत्या. मामा दुसऱ्याच सकाळी एसटीने धुळ्याला आले, सोबत घडीची खुर्ची, छत्री आणि केळ्यांचा एक भला थोरला कच्चा घड. त्यांची पद्धत मला ऐकून ठाऊक होती, पण ती प्रत्यक्ष पाहणं निराळं. अर्धवट बांधलेल्या त्या इमारतीत दुपारी बारा ते पाच ते खुर्ची घेऊन या खोलीतून त्या खोलीत बसत गेले. ऊन जिथे जाईल तिथे मामा. पाच वाजता ते उकडलेल्या रताळ्यासारखे बाहेर आले आणि म्हणाले की पश्चिमेच्या काचा कुणी सुचवल्या त्याला एकदा भेटायचं आहे. मग त्यांनी घडाच्या फण्या सोडवल्या आणि प्रत्येक खोलीत एकेक टांगली. एकाच घडाची केळी, त्यामुळे फरक पडला तर तो खोलीचाच. गार खोलीत केळं सावकाश, एकसारखं पिवळं होतं. फार तापलेल्या खोलीत ते वरून हिरवंच राहतं आणि आतून शिजतं.

सहा दिवसांनी मामा ताटं घेऊन पाहणीला निघाले आणि मी वही घेऊन मागे. पश्चिमेकडची केळी हिरवीगार आणि आत पाणी झालेली. पूर्वेकडची बरी. शस्त्रक्रियेच्या खोलीत नुसती सुतळी लोंबत होती. केळी रंगाऱ्यांनी खाल्ली होती, खाली सालं पडली होती. मी संतापलो, कारण नेमकी तीच खोली महत्त्वाची. मामा मात्र ती सालं बघून इतके खूश झाले की त्यांनी एका रंगाऱ्याचा हातच हातात घेतला. एवढ्या मोठ्या इमारतीत या लोकांनी डबा खायला हीच खोली का निवडली, असं त्यांनी मला विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. भर उन्हात काम करणारा माणूस बसायला जागा शोधतो ती कधी चुकत नाही. वहीत त्यांनी त्या खोलीपुढे लिहायला लावलं, सर्वांत गार, रंगाऱ्यांनी प्रमाणित.

ट्रस्टचे अध्यक्ष आबा. आबांना सगळं मोठं आवडतं. त्यांनी कंपनीच्या माणसाला बोलावून एकच प्रचंड प्लांट जवळजवळ ठरवून टाकला होता, त्याच्यावर स्वतःच्या वडिलांच्या नावाची पाटी कुठे बसेल तेसुद्धा. मामा सभेला तीन ताटं घेऊन आले. आबांच्या पुढ्यात शिजलेली, पिकलेली आणि खाल्लेली केळी मांडून त्यांनी समजावलं की सकाळी पूर्व तापते, दुपारी पश्चिम तापते, सगळ्या खोल्या एका वेळी कधीच तापत नाहीत. कंपनीने सगळ्यांचा ताप एकदम धरून बेरीज केली आहे. एवढा मोठा घरजावई वर्षातले दहा महिने अर्ध्या कामावर बसून पोटभर खाईल. त्यापेक्षा निम्म्या ताकदीचे दोन घ्या, एरवी एकाने भागेल आणि मे महिन्यात दोघं राबतील. शिवाय धुळ्याच्या नळाचा भरवसा धरू नका, पाणी न पिणारे, नुसत्या हवेवर निवणारे घ्या. आबांनी सालं बोटाने बाजूला सारली. दोन प्लांट म्हणजे दोन पाट्या, आणि वडील एकच होते. ते म्हणाले, कंपनी सांगते की यांचा प्लांट बंदच पडत नाही, मग दुसरा हवाच कशाला?

मामांनी बाजूला सारलेली सालं परत ताटात ठेवली. मग म्हणाले, "पडतो, आबा. मी निवडलेलाही पडतो. आणि त्या दिवशी टेबलावर आमची ही असली, तर मी काय करू?" मामांनी निवडलेला प्लांट बंद पडू शकतो हे मामांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. कंपनीच्या माणसाने आपलं रंगीत पुस्तक आपणहून मिटलं. आबांनी एक केळं उचललं, दाबून बघितलं, परत ठेवलं आणि दोन घ्या म्हणाले. उठता उठता मामांनी आणखी एक गोष्ट करून घेतली. एक प्लांट थांबलाच तर कुणाची गार हवा आधी तोडायची याचा क्रम त्यांनी लावून दिला. शेवटपर्यंत राखायची ती तान्ह्या बाळांची आणि शस्त्रक्रियेची खोली, आणि सगळ्यांत आधी तोडायची ती अध्यक्षांची. हा ठराव मी इतिवृत्तात इतक्या शुद्ध मराठीत लिहिला की आबांनी तो न वाचताच सही केली.

प्लांट आले तेव्हा शहरात वरात निघाली म्हणायची. ट्रेलर गल्लीत शिरण्याआधी मामा दोन दिवस त्याच्या उंचीचा बांबू हातात उभा धरून सगळ्या रस्त्याने चालत होते, कुठली तार अडते ते बघत. एका आजींनी ती निशाणाची काठी समजून तिला हळदकुंकू लावलं. मामांनी ते पुसलं नाही. पहिला प्लांट क्रेनने हवेत उचलला, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या माना वर आणि मामा एकटे डोळे मिटून उभे.

मामींची शस्त्रक्रिया मे महिन्यातल्या एका दुपारी होती. आत जाताना त्यांनी हातातल्या बांगड्या काढून मामांच्या रुमालात बांधून दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या मामांच्या इमारतीत होत्या, त्यामुळे जाता जाता छताकडे बघून एवढंच म्हणाल्या, "गार ते बरंच शे." दार लागलं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. मामा शिंकायचंही विसरले होते. तासाभराने समोरच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि आबा घामाघूम होऊन फायलीने वारा घेत बाहेर आले. त्यांच्या खोलीत एकाएकी उकडायला लागलं होतं, आणि इतक्या महिन्यांनी त्या ठरावाचा अर्थ त्यांना कळला होता. विजेचा दाब वरखाली होऊन एक प्लांट थांबला होता. आबा बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची नजर मामांवर गेली. मग त्यांनी उघडं राहिलेलं दार मागे हळूच लोटून घेतलं.

उभ्या आयुष्यात प्लांट थांबला आणि मामा धावले नाहीत असं झालेलं नव्हतं. सणाच्या ताटावरून उठणारा हा माणूस. मी म्हटलं, मामा, वर जाऊन या, मी थांबतो इथे.

"वर दोन शेतस, जवाईबापू," मामा बाकावर हात टेकून दाराकडे बघत म्हणाले. "आठे तिले मी एकलाच शे."

आबा येऊन आमच्या शेजारी बसले. दारावरचा लाल दिवा तसाच होता आणि दारातल्या फटीतून पायाला लागणारी हवा अजून गार होती. बांगड्या वाजू नयेत म्हणून मामांनी तो रुमाल दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, आणि तरी त्या वाजत होत्या.