दांडीवरचे कोट

शिंप्याच्या दुकानात मागच्या भिंतीला एक लोखंडी दांडी होती आणि तिच्यावर न नेलेले कपडे टांगलेले असत. माणसं मापं देऊन जात, मग कधी शहर सोडत, कधी जग, कधी नुसतीच जाड होत. शिंपी कपडा टांगून ठेवी आणि किमतीची चिठ्ठी टाचणीने लावी. बायकोने मशीनला मोटर बसवायचा विषय काढला की तो मान मागे वळवून म्हणे, "पैसे आहेत. टांगलेत." ती वर्षानुवर्षं त्या पैशांवरची धूळ झटकत होती.

शिवाय त्याच्याकडे खाणीचे शेअर होते. डोंगरापलीकडची तांब्याची छोटी खाण सुरू झाली, तेव्हा दगडाचे नमुने भरायच्या कॅनव्हासच्या पिशव्या त्याने शिवून दिल्या होत्या, आणि कंपनीने रोख पैशांऐवजी शेअर दिले. पुढे दरवर्षी एकच पत्र येई : यंदा नफा झाला, पण तो न वाटता राखून ठेवला आहे. शिंप्याला यात काही वावगं वाटत नसे. तोही बरंच काही राखून होता.

मग एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. मालकाने दुकानाची खोली विकायला काढली. घ्या, नाहीतर महिनाअखेर रिकामी करा. आणि एका मोठ्या कंपनीने खाणीचे शेअर विकत घ्यायची तयारी दाखवली. सगळे शेअर दिले तर खोलीपुरते पैसे हातात येत होते. बायको म्हणाली, सुटलो.

नाही सुटले, कारण रविवारी तिचा भाऊ जेवायला आला. तो बँकेत होता आणि जेवायलाही काउंटरवर बसल्यासारखाच बसायचा. त्याने खाणीचा वार्षिक अहवाल चाळला, संचित नफ्याच्या आकड्याला शेअरांच्या संख्येने भागलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"भावोजी, तुमच्या वाट्याचा राखून ठेवलेला नफाच या भावाच्या तिप्पट आहे. विकलेत तर तुमच्यासारखे भोळे तुम्हीच."

"पण दादा, तो ठेवलाय कुठे?" बहिणीने विचारलं.

"कंपनीत."

"कंपनीत म्हणजे? कपाटात का?"

असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं अशा चेहऱ्याने दादाने वाटी पुढे केली.

शिंप्याची झोप उडाली. विकावं तर लुबाडले जाऊ, न विकावं तर मशीन घेऊन रस्त्यावर. शेवटी नमुन्यांच्या नव्या पिशव्या पोचवायच्या निमित्ताने तो खाणीवर गेला. तिथला पंपवाला त्याचं जुनं गिऱ्हाईक. खाणीतलं पाणी उपसण्यात त्याची हयात गेली होती. शिंप्याने सरळच सांगितलं की इतक्या वर्षांचा नफा डोळ्यांनी बघायचा आहे. पंपवाल्याला यात काही विचित्र वाटलं नाही. त्याने हेल्मेट दिलं आणि त्याला खाली नेलं.

हा पंप, तो म्हणाला, सुरुवातीच्या वर्षांचा नफा. छताला टेकू दिलेले खांब, त्याच्या पुढचा. वर ट्रक येतो तो रस्ता, त्यानंतरचा. मग एका लांब, कोरड्या बोगद्यात त्याने बॅटरी मारली. हा सगळ्यात मोठा नफा. सरळ खणत नेला. माल डावीकडे निघाला.

पंप विकला तर काय येईल, शिंप्याने विचारलं. भंगारवाला वर काढायची मजुरी आपल्याकडूनच मागेल, पंपवाला म्हणाला. पण चालू आहे तोवर तो अनमोल आहे, कारण तो थांबला की आठवड्याभरात सगळा नफा पाण्याखाली. आणि माल किती उरलाय? साहेब म्हणतात, पंपवाला निवृत्त होईपर्यंत पुरेल. पंपवाल्याचे सगळे केस पांढरे होते.

"मग या भावाने तू शेअर घेशील?"

"मी रोज खाली उतरतो. माझी तेवढी गुंतवणूक बास झाली."

शिंपी परतला, स्टुलावर बसला आणि बराच वेळ दांडीकडे बघत राहिला. तिथे एक राखाडी कोट होता. कापड खरं होतं, शिलाई खरी होती, चिठ्ठीवरचा आकडाही खरा होता. फक्त ते खांदे आता कुठे नव्हते.

पुढच्या रविवारी त्याने मेहुण्याला सांगितलं की शेअर विकले. मेहुणा म्हणाला, अहो, पण आकडा छापलाय.

"छापलाय तो खराच आहे. कुणी चोरला नाही. नफा झाला, वाटला नाही, जमिनीत घातला. आता त्यातून पुढे जे निघायचंय, त्याचाच भाव मिळतो. त्या बोगद्यात माल लागला असता तर मीही विकले नसते."

मेहुण्याने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

खोली त्यांच्या नावावर झाली. भिंत रंगवायची म्हणून दांडी उतरवली आणि कपडे टेबलावर रचले. मदतीला आलेल्या मेहुण्याने राखाडी कोट सहज अंगात घालून पाहिला. खांदे अगदी बरोबर बसले. आरशात दोन्ही बाजूंनी बघून झाल्यावर त्याने चिठ्ठी वाचली, हसला आणि काही नोटा पुढे केल्या.

"जुना आहे हो, भावोजी. नाहीतरी पडूनच होता."

बहिणीने नोटांकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे.

"दादा, चिठ्ठीवर तिप्पट आहे."

शिंप्याने नोटा खिशात घातल्या. कोटाच्या बाह्या जरा लांब होत होत्या. त्या आखूड करायचे पैसे त्याने वेगळे लावले.