बाबा आणि राजीनामा दिलेला राष्ट्राध्यक्ष

अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावच्या मराठी वाचनकट्ट्यावर कुणी विचारलं, की टेपांच्या भानगडीत राजीनामा देऊन घरी गेलेल्या त्या राष्ट्राध्यक्षाबद्दल वाचायचं तर सुरुवात कुठून करू, की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. मी चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करते, राजकारणातलं मला ओ की ठो कळत नाही. ही सगळी विद्वत्ता माझ्या वडिलांची. एका उन्हाळ्यात त्यांनी इथल्या लायब्ररीतला तो अख्खा कप्पा वाचून काढला आणि रोज जेवताना आम्हाला वाढला.

मुळात ते उन्हाळ्यात आले हेच नवल. एरवी आईबाबा नागपूरहून थंडीत येतात. या वेळी मे महिन्यात घाईघाईनं तिकीट काढलं. मी म्हटलं, बाबा, इथं बाहेर अंड्याचं ऑम्लेट होतं. तर म्हणाले, "नागपूरच्या माणसाला ऊन काय सांगतेस?" चार पावलं पार्किंगपर्यंत गेले आणि परत येऊन एसीखाली बसले. "हे ऊन नाही बाप्पा, हा तवा आहे," म्हणाले.

खरं कारण आईनं पहिल्याच संध्याकाळी फोडणी देता देता सांगितलं. बाबा नागपूरच्या आमच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. खुर्चीत इतकी वर्षं बसलेले, की पोरंटोरंसुद्धा त्यांना अध्यक्ष काका म्हणायची. तर हे गृहस्थ मीटिंगला शर्टाच्या खिशात फोन रेकॉर्डिंगवर ठेवून बसत. कुणाला पत्ता नाही. मग लिफ्टवरून वाद पेटला, आणि आपलं म्हणणं खरं करायला बाबांनी भर मीटिंगमध्ये फोन काढून सेक्रेटरी काकांचा आवाज वाजवला. "तिसऱ्या मजल्यावरच्यांना कशाला हवी लिफ्ट? चालले तर पोटं तरी उतरतील." तिसरा मजला समोरच बसलेला!

"पण काका हे मीटिंगमध्ये कशाला बोलतील?" मी विचारलं.

"मीटिंगमध्ये नाहीच बोलले," आई म्हणाली. "सकाळी फिरायला गेल्यावर बागेतल्या बाकावर बोलले होते. दोघंच असताना."

सेक्रेटरी काका म्हणजे बाबांचे जिवलग. रोज पहाटे दोघं जोडीनं फिरायचे. तळमजल्यावरून काकांनी शीळ घातली, की बाबा अर्धा चहा तसाच टाकून पळायचे. त्या माणसाचं बाकावरचं बोलणं यांनी टिपून ठेवलं! मला भयंकर राग आला, आणि पाठोपाठ कीवही आली. कारण बाबांनी तडकाफडकी राजीनामा लिहून दिला तेव्हा एकही माणूस 'राहू द्या हो' म्हणाला नव्हता. काका तर दुसऱ्या दिवसापासून शीळ न घालताच एकटे फिरायला जाऊ लागले.

बाबांचं म्हणणं एकच. "फोन चालूच राहून गेला, त्याला मी काय करू?"

परतीचं तिकीट गणपतीच्या आधीचं होतं. सोसायटीच्या गणपतीची स्थापना दरवर्षी बाबांच्या हातून व्हायची. आठवड्याभरातच बाबा म्हणाले, "तिकीट पुढं ढकल. दिवाळी झाल्यावर बघू." आईच्या पोळ्या त्या दिवशी फार जोरात लाटल्या गेल्या. तिला घरी जायचं होतं, आणि बाबांना तोंड लपवायचं होतं.

लायब्ररीत ते गेले ते निव्वळ गारव्यासाठी, माझ्या लेकीबरोबर. तिथल्या बाईंना त्यांनी आपल्या सरकारी इंग्रजीत विचारलं, की इतकी वर्षं लोकांची सेवा करून ज्याला जावं लागलं, असा कुणी तुमच्याकडे आहे का. बाई हसल्या आणि सरळ त्या कप्प्यापाशी घेऊन गेल्या.

पहिलं पुस्तक पेपरवाल्यांच्या बाजूनं लिहिलेलं, जाडजूड. बाबांचा पहिल्या पानापासून लेखकावर दात. "या लोकांना दुसरे उद्योग नाहीत काय?" दुसरं खुद्द राष्ट्राध्यक्षांनी लिहिलेलं. ते मात्र छातीशी धरून वाचलं. "बघ, लोक कसे उलटतात ते." पण माणूस स्वतःची बाजू सांगायला लागला की थांबतच नाही. मधेच कुठं तरी बाबांना झोप लागायला लागली. पुढं दुपारच्या झोपेसाठी ते पुस्तक औषधासारखं कामी आलं.

तिसऱ्यात त्या टेपांवरची संभाषणं जशीच्या तशी छापली होती. बाबा वेगवेगळे आवाज काढून ती मोठ्यानं वाचत. राष्ट्राध्यक्ष याला शिव्या घालतोय, त्याच्यावर संशय घेतोय, सगळे आपल्या वाईटावर टपलेत म्हणतोय. आई भाजी निवडत ऐकत होती. "अहो," ती म्हणाली, "हा अगदी तुमच्यासारखं बोलतो हो." बाबांनी पुस्तक मिटलं आणि जेवायला बसेपर्यंत उघडलं नाही.

लेकीला तर चेव आला. "आजोबा, यू आर टीम प्रेसिडेंट?"

"रेकॉर्डिंग करणं हा काही गुन्हा नाही," आजोबा म्हणाले.

"दॅट्स सो नॉट द पॉइंट, आजोबा!" त्यातल्या एका टेपेचा मधला तुकडा पुसलेला निघाला आणि तो कुणी पुसला हे धड कळलंच नाही, हेही तिनंच त्यांना शाळेतल्या ज्ञानावर सांगितलं. बाबांना त्याचं फार वाटलं. दिवसभर विचारत होते, पुसलेलं परत येत नाही म्हणतेस?

चौथं पुस्तक बारीक होतं. साहेबांवर विश्वास ठेवून साहेबांपायी तुरुंगात गेलेल्या एका हाताखालच्या माणसाचं. ते वाचताना बाबांचा आवाज घरात ऐकू येईना. वाचून झालं तसे स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले.

"एवढी पुस्तकं झाली," ते म्हणाले. "हा माणूस पेपरवाल्यांना बोलतो, वकिलांना बोलतो, नशिबाला बोलतो. ज्याचं वाटोळं केलं त्याच्या दारात जाऊन 'माझं चुकलं रे' म्हणाला, असं मला एकाही पानात सापडलं नाही."

"मग?" आई म्हणाली.

"मग काय मग," म्हणून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे नागपूरच्या संध्याकाळी, ते घरामागच्या पॅटिओत फोन तोंडासमोर धरून उभे होते. बाबांचा आवाज असा, की नागपूरला फोनशिवायही पोचावा, त्यामुळे आम्ही तिघी आत उभ्या राहून सगळं ऐकलं. "हे बघ, आधीच सांगतो, हे रेकॉर्ड होतंय," त्यांनी सुरुवात केली. मग बराच वेळ नुसता घसा खाकरला. "फोन चालू राहून गेला नव्हता. मी चालू ठेवला होता. बाकावरही. माझं चुकलं." एवढं बोलून पाठवलं, आणि आत येऊन चहाला साखर कमी झाली म्हणून आईवर खेकसले.

काकांनी ऐकल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. बाबा फोन उशाशी घेऊन झोपायला लागले. पुस्तकं परत करून आले, पण पाचवं काही आणलं नाही. मला तर काकांचा राग यायला लागला होता. एवढं काय ताणायचं माणसानं!

मग एका संध्याकाळी मी कामावरून येऊन चहा टाकला होता, तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. काकांनी आपला आवाज पाठवला होता. बाबांनी लावला. आधी नुसती पावलं वाजत होती. मग कावळे, दूधवाल्याची गाडी, दम लागलेला श्वास, आणि कुणी तरी बाकावर टेकल्याचा आवाज. त्यानंतर एक शीळ. मग काका म्हणाले, "मीही रेकॉर्ड करतोय. ये आता, एकट्यानं कंटाळा येतो बे."

आई कपाटावरची बॅग काढायला गेली. बाबांनी तो आवाज पुन्हा लावला, आणि पुन्हा लावला. डोळे पुसले. मग फोन लेकीसमोर धरून म्हणाले, "पोट्टे, हे चुकूनही पुसलं जाऊ नये, त्याला काय करायचं असतं गं?"