पान सतरा ते बत्तीस

छापखान्याच्या बांधणी खात्यात तिला सगळे 'दुसरी' म्हणायचे, आणि त्यात तिच्या नवऱ्याचा काडीचाही दोष नव्हता. मोठ्या कागदाच्या दोन्ही अंगांना मिळून सोळा पानं छापतात, त्याला म्हणतात फर्मा. त्याच्या घड्या घालायच्या हे बायकांचं काम. पहिला फर्मा पहिल्या टेबलावर, दुसरा दुसऱ्यावर. ही बाई अकरा वर्षं दुसऱ्या टेबलावर होती. हात घड्या घालत आणि डोळे वाचत, त्यामुळे जगातलं कुठलंही पुस्तक तिला ठाऊक असायचं ते पान सतरा ते बत्तीस एवढंच. तिच्या रहस्यकथांत खून झालेला असायचा, खुनी मात्र कधी सापडायचा नाही. घरगुती औषधांच्या पुस्तकातले खोकल्यापासून पोटदुखीपर्यंतचे उपाय तिला तोंडपाठ होते. पण घरात कुणाला ताप आला की ती हात वर करायची, कारण ताप पहिल्या फर्म्यात होता.

तर एका सोमवारी मानवी हक्कांची पुस्तिका छपाईला आली. पानं अठ्ठेचाळीस, फर्मे तीन. हिच्या वाट्याला आल्या बायका आणि मुलं.

पहिल्या शंभर घड्यांत ती गप्प होती. दुसऱ्या शंभरात तिला हसू फुटायला लागलं. "अगं बायांनो, हे बघा! समान कामाला समान मोबदला! आणि मारहाण घरात झाली तरी तो गुन्हाच, पान एकोणीस!" तिसऱ्या टेबलावरच्या बाईचा फर्मा अजून यंत्रावर चढलाच नव्हता, ती रिकामीच बसली होती. ती म्हणाली, "आणि हे सगळं आपलं?" "आपलंच की! इतकी वर्षं कुठं ठेवलं होतं कोण जाणे!" एखाद्या बाईला जुन्या पेटीत आपल्याच नावाचे दागिने सापडावेत, तशी ती हरखली होती.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बांधणी खात्यातल्या सात बाया गठ्ठ्यांची सुतळी घेऊन दोरीवरच्या उड्या मारताना फोरमनला दिसल्या. त्यानं आ वासला.

"हे काय चाललंय?"

"पान एकोणतीस," ती धापा टाकत म्हणाली. "खेळण्याचा हक्क."

"तो लहान मुलांचा आहे, बाई!"

"मग? मी लहान होते तेव्हा वापरलाच नाही. तसाच शिल्लक आहे."

फोरमन आपल्या खोलीत गेला आणि आतून हसण्याचा आवाज आला. बायका सुट्टी संपेपर्यंत उड्या मारत राहिल्या.

अशी ही पिसासारखी हलकी झालेली बाई रविवारी दुपारी घरच्यांबरोबर जेवायला बसली, आणि सासूबाईंनी तिला दाणकन जमिनीवर आणलं.

घरात चार महिन्यांची जुळी होती, धाकट्या दिराची. जावेची रजा संपली होती. उद्यापासून ती इस्पितळाच्या धुलाईघरात सकाळच्या पाळीला जाणार होती. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, हिच्या मुलीनं, सातवीतल्या टकळीनं, शाळा सोडायची आणि बाळं सांभाळायची.

"मुख्याध्यापिकांना मी उद्या अकराला भेटते," सासूबाई म्हणाल्या. "दाखला घेऊन येते."

टकळी एरवी झोपेतही बोलायची. आता ती ताटात बोट फिरवत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. नवरा आमटी वाढून घेत होता. लेकीचं ते गप्प बसणं हिनं पाहिलं. उष्ट्या हातानं ती उभी राहिली.

"आई, हे चालायचं नाही. पान बत्तीस, शेवटची ओळ. मूल मुलगा असो की मुलगी, घरकामासाठी त्याचं शिक्षण बंद करण्याचा अधिकार..."

आणि ती थांबली. फर्मा संपला होता.

"अधिकार काय?" सासूबाईंनी विचारलं. "कोणाला आहे अधिकार? आजीलाच असणार!"

"पुढचं पान तिसऱ्या टेबलावर आहे. अजून छापायचंय."

दीर असा हसला की त्याला ठसका लागला. "वहिनी, उद्या पुरवणी काढा!"

"अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालीय नुसती," सासूबाई म्हणाल्या.

झालं काय की तिलाही हसू आलं. आवरेचना. डोळ्यांतून पाणी आलं तरी आवरेना. त्यातलं हसण्याचं किती आणि भीतीचं किती हे तिचं तिलाच कळत नव्हतं. मग पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "कोणालाही नाही. कोणालाही अधिकार नाही."

"तसं छापलंय का?"

"छापतील तेव्हा छापतील. मी आजच सांगतेय. माझी पोर उद्या शाळेत जाणार. आणि पान चोवीस माझ्याच फर्म्यात आहे, अख्खं आहे! मूल वाढवणं ही आई आणि बाप दोघांचीही जबाबदारी. भावोजी, तुमची पाळी तीनला लागते. जाऊबाई दोनला घरी येतील. सकाळभर तुम्ही खाटेवर पडून मोबाइल बघता. घरात धडधाकट बाप असताना बारा वर्षांची पोर कशाला शोधताय?"

ठसका थांबला. गंमत म्हणजे हा हिशेब इतका सोपा होता, आणि सहा माणसांच्या घरात तो कुणालाच सुचला नव्हता. जाऊ पटकन उठली, एक बाळ आणलं आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. टकळीची टकळी लगेच सुरू झाली, "काका, मान धरा! मानेखाली हात घाला!"

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. दुसरं बाळ त्यांच्याच मांडीवर होतं. त्याचा पाय त्यांनी हातात धरला.

"मला दुसरीतून काढलं," त्या म्हणाल्या. "धाकट्या भावाला सांभाळायला. तेव्हा असं उष्ट्या हातानं कुणी उभं राहिलं नाही." मग सुनेकडे न बघता त्यांनी विचारलं, "का गं, हे हक्क वय झालं की संपतात का?"

"माझ्या फर्म्यात तरी तसं कुठं लिहिलेलं नाही, आई."

सासूबाईंनी मान डोलावली. मग मांडीवरचं बाळ उचललं आणि तेही धाकट्या मुलाच्या हातात दिलं.