पिवळा कापूस

मलकापूरच्या ज्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर बसतो, तिथल्या ग्रेडरच्या मिशीत हंगामभर रुई अडकलेली असते. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, उन्हात धरायचा आणि प्रत सांगून टाकायची, हे त्यांचं काम. त्यावरच भाव ठरतो; पिवळ्याला कमी. गेले दोन हंगाम ते सगळ्यांनाच "पिवळा हाय" म्हणत होते. कुणी हुज्जत घातली की, "माह्या डोयाले शिकवतं का बे?" मला तो कापूस पांढराच दिसायचा. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

यंदा पोळ्यानंतर त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. हंगाम उघडला तेव्हा ते आले आणि माझा तीन वर्षं जुना पांढरा शर्ट बघून म्हणाले, "नवा घेतला?" मग त्यांनी कापूस उचलला. आधी एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. गाडीवाल्या शेतकऱ्याला म्हणाले, "डॉक्टर म्हणे, डोयातलं भिंगच पिवळं पडलं व्हतं, तं नवं बसवलं. या डोयानं पांढराशुभ्र हाय, जुन्यानं पिवळा. मांगच्या साली तुह्या कापसाले उगाच नाव ठेवलं."

जिनिंगचे मालक शेठजी मागेच उभे होते. शांतपणे म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याची घाई करू नका. पारख त्या जुन्याच डोळ्यानं होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी ग्रेडर डाव्या डोळ्यावर रुमाल बांधून आले.

"काय झालं? दुखतो का?" शेठजींनी विचारलं.

"नाई," ते गाडीकडे वळत म्हणाले, "त्याले खोटं दिसते."