लोदी बागेतले उभे लोक

मिरजेहून निघालो तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, रंगांची पेटी आणि चादरीत गुंडाळलेला एक बिनचेहऱ्याचा माणूस होता. आमच्या धंद्याची ही जुनी रीत. गेलेल्या माणसाचे तैलचित्र हवे असले की चेहरा फोटोवरून घ्यायचा. काळा कोट, घड्याळाची साखळी आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात मात्र आधीच रंगवून तयार ठेवायचा. तीस वर्षांत मी निम्म्या जिल्ह्याला तोच कोट घातला आहे. पुढे संगणकावर फोटो मोठे करून देणारी दुकाने निघाली आणि माझ्याकडची वर्दळ आटली. त्यामुळे दिल्लीजवळच्या गुडगावातून बोलावणे आले तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. घरी अडवणारेही कोणी नव्हते. बायको जाऊन चार वर्षे झाली होती.

गुडगाव तेव्हा नुकते उभे राहत होते. मोहरीचे शेत संपते न संपते तोच दहा मजली इमारत, मग पुन्हा शेत. सोसायटीच्या फाटकावर मी पेंटर आहे म्हणून सांगितले. पहारेकरी म्हणाला, “पीछे के गेट से जाओ.” मागे भिंती रंगवणाऱ्या मजुरांची रांग होती. यजमान खाली येईपर्यंत मी त्यांच्यातच एका उपड्या डब्यावर बसून राहिलो. राग आला, पण गुडघ्यांना बरे वाटले.

यजमान म्हणजे मिलिंद, एका परदेशी कंपनीतला तरुण अधिकारी. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि सगळा संसार दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला. निवृत्त झाले आणि लगेच गेले. मग मिलिंद आईला, कुसुमताईंना, या सातव्या मजल्यावर घेऊन आला. पाच दिवसांवर वर्षश्राद्ध होते. त्याआधी चित्र भिंतीवर लागायला हवे होते.

मिलिंद आणि त्याची बायको सकाळी आठला बाहेर पडत. मग घरात आम्ही दोघेच. मी हॉलमध्ये रंगवत बसे. कुसुमताई गॅलरीत धूप सेकत (उन्हात शेकत) बसत. लिफ्टची भीती वाटे, म्हणून त्या एकट्या खाली उतरत नसत. शेजारच्या दारामागे कोण राहते हे त्यांना वर्षभरात कळले नव्हते. दोनदा चहा येई, दोन वाक्ये होत. एकटी माणसे दोन झाली म्हणून एकटेपण निम्मे होत नाही, हे मला तिथे कळले.

तिसऱ्या दिवशी दुपारी चेहरा पुरा झाला. शनिवार असल्याने मिलिंद घरीच होता. “बिल्कुल बाबा!” तो खूश होऊन म्हणाला. कुसुमताई मात्र बराच वेळ चित्रासमोर उभ्या राहिल्या.

“चेहरा ह्यांचाच आहे,” त्या म्हणाल्या. “पण हा माणूस मी ओळखत नाही. असा कोणी माझ्या घरात नव्हता.”

त्यांचे डोळे भरून आले आणि त्या आत गेल्या. मिलिंद ओशाळला. आईला सवय होईल, आता बदलायला टाइम तरी कुठे आहे, असे काहीसे बोलला. मला मात्र ते चांगलेच झोंबले. गिऱ्हाइकाने ओळखले नाही तर चित्रकाराने करायचे काय? मी मिलिंदला विचारले, बाबा रोज जात कुठे? लोदी बागेत फिरायला, असे कळले.

दुसऱ्या सकाळी मिलिंदने टॅक्सी करून दिली. कुसुमताई लिफ्टमध्ये डोळे मिटून उभ्या राहिल्या.

बागेत कोहरा (दाट धुके) विरत होता आणि झाडे एकेक करून पुढे येत होती. उमेदवारीच्या काळात एका संस्थानिकाच्या दिवाणखान्यातल्या जुन्या व्यक्तिचित्रांवरची धूळ पुसायचे काम माझ्याकडे असे. ती सगळी मंडळी मला इथे भेटली. पांढरट खोडाचा अर्जुन म्हणजे छाती काढून उभे असलेले सरदार. बुंध्यापाशी फुगलेले जांभूळ म्हणजे खुर्चीत न मावणारे दिवाणजी. थोरली बकुळ म्हणजे डोक्यावरून पदर घेऊन बसलेल्या राणीसाहेब. एकालाही चेहरा नव्हता, तरी मी प्रत्येकाला ओळखले. जन्मभर मी चेहऱ्यांवरच मेहनत घेतली, याची मला लाज वाटली.

हे कुसुमताईंना सांगितले तर त्या पहिल्यांदाच हसल्या. मग त्याही झाडे बघत चालू लागल्या आणि एका वाकड्या कडुलिंबापाशी थांबल्या.

“हे असेच उभे राहायचे.”

“असे म्हणजे?”

“मी हळू चालते ना. हे चार पावलं पुढे जायचे आणि वळून थांबायचे. डावा खांदा खाली, मान माझ्याकडे. पंचवीस वर्षं, रोज.”

मी उभ्या उभ्या पेन्सिलीने ते झाड काढून घेतले. फाटकाबाहेर शकरकंदी (भाजलेली रताळी, वर लिंबू आणि मसाला) घेतली. विकणाऱ्याने कुसुमताईंना ओळखले. बऱ्याच दिवसांनी आलात, साहेब आज आले नाहीत का, म्हणून त्याने विचारले. “आज नहीं, भैया,” एवढेच त्या म्हणाल्या. रताळे त्यांना गेले नाही, मी दोघांचे खाल्ले.

घरी येऊन मी कोट खरवडला, साखळी आणि खुर्ची पुसून टाकली. कुसुमताईंनी कपाटातून काढून दाखवलेला तपकिरी हातविणीचा स्वेटर चढवला, खांदा उतरवला, मान वळवली. श्राद्धाच्या सकाळी रंग ओलाच होता, त्यामुळे हार चित्राला न घालता खाली पाटावर ठेवावा लागला. भटजी अजून यायचे होते. कुसुमताई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या आणि दारातच थबकल्या.

“थांबा, आले,” त्या हळूच म्हणाल्या. ते आमच्यापैकी कोणासाठी नव्हते.

परतीच्या गाडीत वरच्या बाकावर पडल्या पडल्या मी कागद काढला. बायकोचा चेहरा पाच मिनिटांत उतरला. मग ती उभी कशी राहायची, चालता चालता थांबली तर कशी दिसायची, ते आठवू लागलो. मिरज येईपर्यंत आठवत राहिलो आणि काही केल्या आठवेना. बाजारात, देवळात, लग्नकार्यात मी नेहमी पुढे असायचो आणि ती मागून यायची. मी कधी वळून पाहिलेच नव्हते.