मोटारीला चुचकारणारा

स्वातंत्र्यानंतर आमच्याकडून कोहमाऱ्याला मोटार सुरू झाली. तिचा ड्रायव्हर आधी बैलगाडी हाकायचा. चढ आला की तो मोटारीलाही थाप मारून चुचकारायचा. लोक हसत.

राइस मिलची मुनिमी सोडून मी मास्तर व्हायला निघालो, त्या दिवशी मला हसू आलं नाही. वाटेत दोनदा मोटार थांबवायला सांगितली.

“काऊन जी?”

“नवी नोकरी, मास्तरकीची. भीती वाटते.”

“मीबी भेवत होतो, गुरुजी. नवा बैल पयल्या दिवशी बिचकतेच. थाप माराची अन् हाकत राहाचं.”

मला गुरुजी म्हणणारा तो पहिला माणूस.

शाळेच्या दारात पाय अडलेच. कोणी बघत नाही असं पाहून मी मांडीवर थाप मारली, स्वतःला चुचकारलं. पाय वर्गात शिरले, ते अजून बाहेर आलेले नाहीत.