एका नंबरचे दोन डोळे

डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी कॉम्प्युटरवर होते. नाशिकच्या एका जुन्या इमारतीत, औषधांच्या स्टोअरमागची बिनखिडकीची खोली. धूळ नको म्हणून दार सतत लावलेलं. पुण्याच्या एका कंपनीत मला नवी नोकरी मिळाली होती, त्यांनी पहिल्या तारखेला हजर व्हायला सांगितलं होतं. मी राजीनामा दिला, तर मॅनेजर म्हणाले, "मॅडम, हे तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही. याद्या एक करा, मग खुशाल जा."

याद्या दोन होत्या. शिबिराच्या यादीत माणसाचं नाव, गाव, वय. ऑपरेशनच्या यादीत डोळा आणि तारीख. दोन्हींत केसपेपर नंबर तेवढा सारखा. मी प्रोग्रॅम लिहिला: नंबर घे, त्याखाली दोन्हीकडची माहिती एकत्र ठेव. पहिल्याच फटक्यात चालला. मी खूश. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलेल्यांना त्यातूनच पत्रं छापून गेली.

आठवड्याने काउंटरवरून बोलावणं आलं. सुरगाण्याकडचे एक आजोबा आले होते, सोबत आजी. पहाटेच्या जीपने निघालेले. हातात माझंच पत्र: उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी यावे.

"उजवा तं मागल्या साली झाला," ते म्हणाले. "डावा यंदा. दोनी झालं. भाताची आवणी टाकून आलो. परत बिघडला का वो?"

मी कागद मागवले. दोन्ही ऑपरेशनं झालेली होती, एकाच नंबरावर. माझ्या प्रोग्रॅमने आधी 'उजवा' लिहिलं, मग त्याच जागेवर 'डावा'. उजवा पुसला गेला. प्रोग्रॅमने कुठे चूक दाखवली नाही, मीही तपासून पाहिलं नव्हतं.

"आजोबा, डोळा चांगला आहे. पत्र चुकीचं गेलं. चूक माझी आहे."

त्यांना ते पटेना. पापणी बोटाने ओढून त्यांनी डोळा माझ्यासमोर धरला. "मंग मला दिसतं हाय ते खरं ना?"

"खरं आहे."

आजी तेवढ्यात खालीच बसल्या. पत्र आल्यापासून दोन दिवस काळजीने त्यांनी काही खाल्लं नव्हतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. यादीतलं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरांनी आजोबांचे डोळे तपासले, मग आम्ही दोघांना परतीच्या गाडीत बसवून दिलं.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. नंबराखाली एक डोळा न ठेवता डोळ्यांची रांग ठेवायची, नवा आला की मागे जोडायचा. पण मॅनेजरांचा आता कोडवर विश्वास राहिला नव्हता. "प्रत्येक केसपेपर हाताने ताडून बघा. तोवर तुम्हाला सोडता येणार नाही."

मी चिडून म्हटलं, "सर, तीन महिने जातील."

"मग जाऊ द्या."

भांडता आलं असतं. पण ज्यांना अशी पत्रं गेली ती माणसं कुठल्यातरी पाड्यावर घाबरून बसली असतील, हे मला माहीत होतं. मी गठ्ठे उघडले. सकाळी दार लावायचं, संध्याकाळी उघडायचं. पुण्याहून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी मुदत मागितली. तिसऱ्यांदा मीच केला, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, जागा भरली.

गठ्ठे संपले, तरी मी तिथेच आणखी सहा वर्षं राहिले. पहिली दोन रागात गेली. नंतर राग कधी संपला आणि सवय कधी लागली, सांगता येत नाही.